जिनिव्हात कुठे जेवावे

जिनिव्हात शाकाहारी माणसाने कुठे जेवावे, हे मला बुधवारी दुपारपर्यंत लिहून द्यायचे होते. सोमवार उजाडला होता. मी जिनिव्हा पाहिलेले नव्हते. पश्चिमेला मुंबई आणि पूर्वेला मोगलसराय, एवढीच माझी धाव होती.

मी तेव्हा काशीतल्या एका हिंदी साप्ताहिकात उपसंपादक होतो. उपसंपादक म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले नीट करणारा आणि कोणीच लिहिले नाही तर स्वतः लिहिणारा. इंग्रजांचे राज्य होते. राजेरजवाडे, बॅरिस्टर, त्यांचे सेक्रेटरी असे लोक या ना त्या परिषदेच्या निमित्ताने युरोपला जात. एका आगबोट कंपनीच्या एजंटाने आमच्या संपादकांना शब्द दिला होता, की प्रवासावर नियमित मजकूर येणार असेल तर शेजारच्या पानावर वर्षभर जाहिरात देऊ. संपादकांनी त्याच दिवशी ‘परदेश में भोजन’ हे सदर सुरू केले आणि ते माझ्याकडे दिले.

लंडन आणि पॅरिस मी एका जुन्या गाइडबुकातून काढले. तिसऱ्या आठवड्यात एजंटाला जिनिव्हा हवे होते, कारण त्या मोसमात त्याची तिकिटे तिकडची होती. गाइडबुकातली जिनिव्हाची पाने वाळवीने आधीच खाल्ली होती.

संपादक त्रिपाठीजी प्रूफ वाचत होते. प्रूफ म्हणजे छापण्याआधी चुका पाहण्यासाठी काढलेला कच्चा कागद. त्यांनी मान वर केली नाही.

“गाइडबुक में नहीं है,” मी म्हणालो.

“तो शहर में होगा. बनारस में ऐसा कौन-सा पाप है, जो करके आया हुआ आदमी न मिले? खोजिए.”

असा एक माणूस मला माहीत होता. अडचण एवढीच होती, की त्याने ते पाप केले नसल्याचे सर्वांना माहीत होते.

दिगंबरशास्त्री पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत राहत. लहानपणी मी त्यांच्या पाठशाळेत सहा वर्षे संस्कृत शिकलो होतो. वर्षभरापूर्वी ते एका संस्थानिकांबरोबर जिनिव्हाला गेले होते. तिथे धर्मांवर कसलीशी परिषद होती. संस्थानिकांना भाषण करायचे होते आणि भाषणातली संस्कृत वचने कोणीतरी बरोबर म्हणायला हवी होती. परत आल्यावर आमच्या महाराष्ट्रीय ब्राह्मणांच्या धर्मसभेपुढे ते हजर झाले. समुद्र ओलांडल्याचे प्रायश्चित्त त्यांनी घेतले. परक्याच्या हातचे खाल्ले का, या मुद्द्यावर त्यांनी सांगितले, की मी स्वहस्ते पाक केला. सभेने ते मान्य केले. शास्त्र्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, असे सगळे म्हणत, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. छापील पुस्तक हाती आले की ते आधी लाल शाईची दौत उघडत. दुसऱ्याच्या चुकीने त्यांना जेवण जात नसे.

मी गेलो तेव्हा सकाळचा पाठ संपला होता. ते एका पोथीची नक्कल तपासत होते.

“गुरुजी, जिनिव्हात जेवणाची सोय कशी आहे?”

“मी स्वहस्ते पाक केला,” ते म्हणाले. सभेपुढचेच वाक्य, त्याच स्वरात. मग ते पुन्हा पोथीकडे वळले.

मुंबईच्या एका दैनिकात मी तीन महिने उमेदवारी केली होती. तिथल्या चीफ रिपोर्टरने मला एक गोष्ट शिकवली होती. जो माणूस प्रश्नाला उत्तर देत नाही, तो चुकीच्या विधानाला देतो. मी खिशातून आगबोट एजंटाने दिलेला कागद काढला.

“एजंटाकडून थोडी माहिती मिळाली आहे. तीच छापतो. आपण फक्त एकदा ऐकावी.” मी वाचले, “स्टेशनसमोरच्या मोठ्या हॉटेलात भाज्यांचे सूप मिळते. ते शुद्ध शाकाहारी असते.”

लेखणी थांबली.

“कोण म्हणतं?”

“एजंट.”

“मूर्ख आहे. हाडं उकळलेल्या पाण्यात करतात ते. त्या हॉटेलातल्या प्रत्येक सुपाचा पाया तोच.”

“मग काय लिहू?”

“पूल ओलांडून जावं. उजव्या हाताला एका म्हाताऱ्या बाईची खाणावळ आहे. तिला आदल्या दिवशी सांगावं लागतं, म्हणजे ती साध्या पाण्यात करते. बटाटा आणि लीक.”

“लीक म्हणजे?”

“कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ.” त्यांनी लेखणी पुन्हा दौतीत बुडवली. “असं ऐकलं.”

मी लिहून घेतले. पुढची ओळ वाचली. “चीज वितळवून त्यात पावाचे तुकडे बुडवून खातात. प्रत्येकाला स्वतंत्र वाटी मिळते.”

“स्वतंत्र? कुठली स्वतंत्र! एकच भांडं असतं. मधोमध ठेवतात, खाली स्पिरिटचा दिवा. चौघं बसले तर चौघांनी लांब काट्यांनी त्यातच बुडवायचं.”

“सगळ्यांनी एकाच भांड्यात?”

“सगळ्यांनी. त्यात पांढरी द्राक्षाची दारू घालतात. उकळताना वास उडतो, आंबटपणा राहतो. आणि ज्याचा तुकडा काट्यावरून सुटून भांड्यात पडला, त्याला दंड.”

“कसला दंड?”

“महाराजांना गाणं म्हणावं लागलं,” ते म्हणाले आणि त्यांच्या लक्षात आले. लेखणी त्यांनी दौतीत ठेवली. “असं ऐकलं.”

तासाभरात ‘असं ऐकलं’ सात वेळा झाले. तळ्यातला मासा कोणत्या तेलात तळतात, तेच तेल बटाट्यांना वापरतात का, कोणत्या दुकानात चॉकलेटमध्ये दारू भरलेली असते, हे सर्व त्यांनी ऐकले होते. चीजचा वास उपरण्यातून तिसऱ्या धुण्याला जातो, हेही त्यांनी ऐकले होते. एजंटाच्या कागदावरची एकही ओळ शाबूत राहिली नाही.

उठताना मी विचारले, “गुरुजी, मग स्वहस्ते पाक?”

“केला. अकरा दिवस केला. बाराव्या दिवशी लाल मिरचीची फोडणी घातली. घरमालकीण खोकत वर आली, मागोमाग आग विझवणारे लोक आले. त्या दिवसापासून खोलीत शेगडी बंद.”

“आणि पुढे?”

“पुढचे एकोणीस दिवस होते. सभेनं विचारलं, स्वहस्ते पाक केलात का? केला म्हणालो. रोज का, असं कोणी विचारलं नाही.”

मग ते हळू आवाजात म्हणाले, “माझं नाव कुठं घालू नकोस, रघुनाथ. माझ्या उमाचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय. अण्णाशास्त्र्यांच्या नातवाला दिलीय तिला.”

अण्णाशास्त्री धर्मसभेचे अध्यक्ष होते.

“मग छापूच नको का?”

“छाप. नाही छापलंस तर तो एजंट लोकांना हाडांचं पाणी पाजील.”

बातमीच्या धंद्यात माहिती देणाऱ्याला सोर्स म्हणतात. सोर्सने नाव नको म्हटले की ते नाव संपते. ते संपादकांनाही सांगायचे नसते. मी लेख लिहिला आणि जिथे जिथे गुरुजींनी ‘असं ऐकलं’ म्हटले होते, तिथे तिथे ‘जानकारों का कहना है’ असे घातले. सात वेळा. याला धंद्यात हवाला देणे म्हणतात. हे मी पाहिलेले नाही, कोणीतरी मला सांगितले आहे, एवढे त्यातून वाचकाला कळते. बुधवारी दुपारी लेख दिला.

शुक्रवारी अंक आला. लेख छान दिसत होता. वर मोठ्या अक्षरात माझे नाव होते, जे सदरात कधी नसे. हवाला एकही नव्हता.

मी त्रिपाठीजींकडे गेलो.

“अरे भाई, जानकार-जानकार क्या लगा रखा था? सात जगह! विज्ञापन दो लाइन बढ़ गया, जगह कहाँ से लाता? और देखिए, लेख में जान आ गई. लगता है आदमी खुद खाकर आया है. इसीलिए तो नाम दे दिया. मिठाई खिलाइए.”

त्यांच्या दृष्टीने हे बक्षीस होते. मीही दुसऱ्यांच्या लेखांतून असे हवाले शेकड्यांनी कापले होते. जागा कमी पडली की उपसंपादकाचा हात आधी तिकडेच जातो. बातमीत त्या शब्दांनी काहीच सांगितले जात नाही, अशी आमची समजूत असे.

रविवारी आई पापड लाटायला गेली. उमाच्या लग्नाचे पापड ब्रह्माघाटावरच्या अक्काकाकूंकडे चालले होते. अर्ध्या तासात ती परत आली आणि पोळपाट-लाटणे तिने जागेवर ठेवले.

“अक्का म्हणाली, तुम्ही आज आराम करा. तीस वर्षांत मला कुणी आराम कर म्हटलं नाही रे. काय बवाल करून ठेवलास तुझ्या त्या अखबारात?”

“जेवणावर लेख लिहिलाय.”

“कुणाकडे जेवलास?”

“कुठेच नाही.”

“मग लिहिलंस कसं? मी न खाता तिखट-मीठ सांगत नाही.”

हाच प्रश्न आमच्या समाजातल्या प्रत्येक घरात विचारला जात होता. आणि प्रत्येक घरात त्याची दोन उत्तरे होती. एक, हा स्वतः जाऊन खाऊन आला. दोन, याला खाऊन आलेल्याने सांगितले. जिनिव्हाला जाऊन आलेला माणूस आमच्यात एकच होता. लोक दुसऱ्या उत्तराकडे झुकत होते. संकठा घाटावर आंघोळीला आलेल्या बायकांनी उमाला ऐकू जाईल अशा बेताने चीजचा विषय काढला. सोमवारी अण्णाशास्त्र्यांनी गुरुवारची सभा बोलावली. विषय एकच होता, तो लेख.

मंगळवारी पहाटे मी गुरुजींना घाटाच्या पायऱ्यांवर गाठले. ते संध्या उरकून वर येत होते.

“सभेत मला विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही,” ते म्हणाले. “हे तुला आधी सांगून ठेवतो.”

“आणि उमा?”

ते दोन पायऱ्या चढले आणि थांबले. “काल तिनं मला विचारलं, बाबा, ते लोक लग्न मोडतील का? मी म्हटलं, तू तुझं काम कर.” ते पुढे काही बोलणार होते. “शिवाय त्या लेखात,” एवढे म्हणाले. तेवढ्यात वरून दोघे ओळखीचे उतरताना दिसले आणि ते पाठ करून निघून गेले.

परिस्थिती मी कागदावर लिहून पाहिली. गुरुजी खोटे बोलणार नव्हते. म्हणजे त्यांना तो प्रश्न विचारलाच जाऊ नये, एवढाच उपाय होता. मी सोर्सचे नाव सांगणार नव्हतो. पण मी स्वतः गेलो नव्हतो असे सिद्ध झाले, तर उरलेला एकच माणूस म्हणजे गुरुजी. म्हणून ते सिद्ध होऊ द्यायचे नव्हते. अडचण त्रिपाठीजींची होती. त्यांना सभेची बातमी लागली आणि आपल्या माणसावर आळ आला म्हणून ते चिडले.

“आप तीन महीने बंबई में थे न? उसी अखबार को तार कर देता हूँ. हाजिरी का हिसाब भेज देंगे. मैं खुद सभा में जाकर पढ़ूँगा.”

“नको.”

“क्यों? आप गए थे क्या?”

“नाही.”

“फिर?”

“सोर्स,” मी म्हणालो.

त्रिपाठीजी तीस वर्षे या धंद्यात होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तार केली नाही. नंतर एवढेच म्हणाले, “वे सात लाइनें रहने देता तो अच्छा था.” मी त्यांना दुजोरा दिला नाही. उपसंपादक देत नाही.

सभा गुरुवारी दुपारी एका देवळाच्या मंडपात भरली. अण्णाशास्त्री मधोमध बसले होते. ते नैयायिक होते. नैयायिक म्हणजे तर्कशास्त्राचे पंडित. धूर दिसला की अग्नी आहे, इथून त्यांचे काम सुरू होते. त्यांच्या उजव्या हाताला दिगंबरशास्त्री बसले होते, कारण प्रायश्चित्तांच्या बाबतीत सभेत शेवटचा शब्द त्यांचाच असे. मला समोर बसवले. अंक अण्णाशास्त्र्यांच्या मांडीवर होता.

“हे तू लिहिलंस?”

“हो.”

“तू मुंबईला गेला होतास. कधी?”

“दोन वर्षांपूर्वी. तीन महिने.”

“मुंबईहून तिकडं आगबोटीनं किती दिवस लागतात?”

“दोन आठवडे म्हणतात.”

“जाऊन-येऊन महिना. उरले दोन,” अण्णाशास्त्री सभेला म्हणाले. “दोन महिन्यांत माणूस पुष्कळ खाऊ शकतो.” मग माझ्याकडे वळून, “गेला होतास का तिकडं?”

मी गप्प राहिलो.

“अहो, तो बोलत नाही!” मागून कोणीतरी म्हणाले. “एरवी अखबारवाले गप्प बसतात का?”

“मौनं सम्मतिलक्षणम्,” अण्णाशास्त्री म्हणाले. “आणि वर्णन पहा. ‘उकळताना वास उडतो, आंबटपणा राहतो.’ जिभेवर ठेवल्याशिवाय हे कोण लिहील? इथं प्रत्यक्ष प्रमाण आहे, यानं स्वतः चाखलंय.”

इथेच सभा संपली असती तर बरे झाले असते. पण अण्णाशास्त्र्यांचा एक शिष्य हुशार होता. तो उभा राहिला.

“गुरुवर्य, प्रत्यक्षच का? शब्दप्रमाणही संभवतं. विश्वासू माणसाच्या तोंडून ऐकूनही ज्ञान होतं. यानं कुणाकडून ऐकलं असेल तर?”

सगळ्यांच्या माना वळल्या नाहीत, पण नजरा वळल्या. गुरुजी ताठ बसले होते. त्यांच्या उपरण्याचे टोक त्यांनी मुठीत धरले होते.

“रास्त शंका आहे,” अण्णाशास्त्री म्हणाले. नातवाच्या लग्नाच्या पत्रिका त्यांच्या घरी छापून आल्या होत्या. तर्काशी मात्र त्यांचे नाते त्यापेक्षा जुने होते. “दिगंबरशास्त्री, तुम्ही ते शहर पाहिलंय. हा लेख तुम्ही वाचलात?”

“वाचला.”

“यात लिहिलंय ते बरोबर आहे का?”

पुढचा प्रश्न काय असणार, ते मला आणि गुरुजींना दोघांनाही माहीत होते.

गुरुजींनी अंक हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांचा हात लाल शाईची दौत शोधायला बाजूला गेला आणि रिकामा परत आला.

“यात एक चूक आहे,” ते म्हणाले.

“कोणती?”

“पूल ओलांडल्यावर ती खाणावळ उजव्या हाताला आहे, असं छापलंय. ती डाव्या हाताला आहे. या चुकीनं माणूस थेट खाटकाच्या दारात जाईल. सहा दिवसांपूर्वी अंक आला, तेव्हापासून हे मला डाचतंय.”

चूक रस्त्यावरून कोणालाही दिसणाऱ्या दाराची होती. आत काय शिजते याची नव्हती. पण अण्णाशास्त्र्यांचा चेहरा उजळला. ते शिष्याकडे वळले.

“निकाल लागला. हे ज्ञान दिगंबरशास्त्र्यांकडून आलं असतं तर त्यात चूक असती का? चाळीस वर्षांत यांच्या तोंडून एक मात्रा चुकलेली कोणी ऐकलीय?”

कोणी ऐकलेली नव्हती.

“चूक आहे, म्हणून माहिती यांची नाही. यांची नाही, आणि दुसरं कोणी गेलेलं नाही, म्हणून याची स्वतःची. गडबडीत खाऊन आला, डावं-उजवं विसरला. परिशेषानं सिद्ध.”

परिशेष म्हणजे एकेक पर्याय वगळून जो उरतो तो. उरलो मी. शिष्य खाली बसला. गुरुजींच्या मुठीतून उपरण्याचे टोक सुटले.

त्यानंतरची चर्चा दीड तास चालली. एकाच भांड्यात चौघांनी काटे बुडवले, तर उष्ट्याचा दोष भांड्यागणिक धरायचा की घासागणिक, हा मुद्दा होता. घासागणिक धरला तर मी जन्मभर उपास करूनही शुद्ध झालो नसतो. भांड्यागणिक धरला तर भांडी किती, हे विचारावे लागले असते. मला विचारले. मी गप्प राहिलो. शेवटी एकजण म्हणाला, “अहो, काटा धातूचा, तापलेला. अग्नीनं शुद्ध. दोष फार धरू नये.” हा मनुष्य लेख नीट वाचून आला होता.

प्रायश्चित्त सांगायचे काम दिगंबरशास्त्र्यांचे होते. त्यांनी सांगितले. एक दिवस उपास, पंचगंगेवर स्नान, पंचगव्य, क्षौर. क्षौर म्हणजे मिशीसह. सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. अण्णाशास्त्र्यांना ते फार सौम्य वाटले.

“एवढंच?”

“अज्ञानानं झालंय,” गुरुजी म्हणाले. “मी त्याची खात्री देतो.”

मी ते सर्व केले. मुंबईत उमेदवारी करताना वाढवलेली मिशी घाटावरच्या न्हाव्याने दोन मिनिटांत काढली आणि विचारले, “कौन मरा, बाबू?” मी म्हणालो, कोणी नाही. त्याने विश्वास ठेवला नाही. आईने त्या दिवशी मला एकच प्रश्न विचारला. “गेला नव्हतास ना? खरं सांग.” मी म्हणालो, “नाही.” ती म्हणाली, “मग ठीक,” आणि पुढे काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी तिला पापडांना बोलावणे आले. ती गेली, पण त्या दिवशी तिने मुद्दाम आराम केला.

संध्याकाळी गुरुजी आमच्या घरी आले. यापूर्वी ते कधी आले नव्हते.

“माझी वही पाहिली,” मी म्हणालो. “उजव्या हाताला, असंच मी लिहून घेतलंय.”

“मी तसंच सांगितलं होतं. चूक माझी. मी तुला परत येतानाची बाजू सांगितली. रोज जेवून परत येतानाच ती गल्ली नीट दिसायची. जाताना भूक असायची.”

“सभेत तर...”

“सभेत मी म्हटलं, चूक आहे. कुणाची, ते अण्णांनी ठरवलं.” त्यांनी उपरणे सारखे केले. “रघुनाथ, प्रायश्चित्त माझं होतं. मी उठून सांगणार होतो. तोंड उघडलं आणि ती चूकच बाहेर आली.”

“लग्न होऊ द्या, गुरुजी.”

“ते होईल. पण दुरुस्ती छापणार ना?”

दुरुस्ती छापणे हा धंद्याचा नियम आहे. पुढच्या अंकात ती शेवटच्या पानावर तळाशी दोन ओळींत आली. उजवा हात नव्हे, डावा हात. ती वाचल्याचे मला एकाच माणसाने सांगितले आणि तो माणूस ती छापण्याचा आग्रह धरणाराच होता. गुरुजींनी मात्र उरलेले प्रायश्चित्त स्वतः घेतले. लग्न झाल्यावर महिनाभर त्यांनी दिवसातून एकदाच जेवण्याचे एकभुक्त व्रत केले. विचारणाऱ्यांना ते सांगत, पोटाला बरे असते. तेही खोटे नव्हते.

उमाचे लग्न ठरल्या दिवशी लागले. पंगतीत मला अण्णाशास्त्र्यांनी आपल्या शेजारी बसवले. शुद्ध झालेल्या माणसाला तसे बसवण्याची पद्धत आहे, म्हणजे बाकीच्यांनाही दिसते. दुसरा भात वाढून झाल्यावर ते माझ्याकडे झुकले.

“तो जो एका भांड्यातला प्रकार. पोट भरतं का त्यानं?”

“भरतं असं म्हणतात,” मी म्हणालो.

“म्हणतात कशाला? तू खाल्लंयस,” ते म्हणाले आणि पुन्हा जेवू लागले.

त्यानंतर परदेशी जाणारे आमच्या समाजातले जे कोणी असे, त्याला अण्णाशास्त्री माझ्याकडे पाठवत. शिकायला निघालेले दोघे आले, एक वैद्य आले. जिनिव्हाचे मी त्यांना बरोबर सांगत असे. लंडनचे गाइडबुकातून सांगत असे. अनुभवी माणूस म्हणून माझे नाव झाले. एजंट खूश होता. जाहिरात वर्षभर चालली आणि पुढच्या वर्षी वाढली. मी आजवर जिनिव्हाला गेलेलो नाही. तिथे जेवल्याचे प्रायश्चित्त मात्र आधीच घेऊन ठेवलेले आहे.

पुढे मी त्याच साप्ताहिकाचा संपादक झालो. जागा कमी पडली की मी विशेषणे कापली, मंत्र्यांची भाषणे कापली, एकदा स्वतःचे संपादकीय अर्धे कापले. ‘जानकारों का कहना है’ मात्र कोणाच्याही लेखातून कापले नाही. नवे उपसंपादक कुरकुरत, की या शब्दांना काही अर्थ नाही. मी म्हणत असे, असू द्या. ते वाचकासाठी नसतात.